फळीच्या आतली रेघ

त्या जहाजाची हकीकत मी इतक्यांना सांगितली आहे की सांगताना माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. गावाकडून कुणी मस्कतला आलं की ओळखीची मंडळी त्याला अझैब्याला घेऊन जातात. तिथल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, काचेच्या मागे, बारा फूट लांबीचं लाकडी जहाज उभं आहे. तीन डोलकाठ्या, दोन मजल्यांवर पितळी तोफांच्या रांगा. "ह्यांनीच केलं बरं का," असं माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, आणि पाहुणा माझ्याकडे आदराने बघतो. मग मला बोलावं लागतं.

मी सांगतो की मूळ जहाज दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत बांधलं, इथल्या सुलतानासाठी. मलबारचा साग. विलायतेत ओकची लढाऊ जहाजं लवकर कुजायची, सागवानाला पाणी आणि कीड सहज लागत नाही, म्हणून मुंबईच्या जहाजांचं जगभर नाव होतं. हे जहाज मस्कतच्या बंदरात आलं, काही वर्षं सुलतानाच्या निशाणाखाली राहिलं, आणि मग सुलतानाने ते इंग्लंडच्या राजाला भेट दिलं. पाटीवर एवढंच लिहिलंय. पाटीचा मजकूरही माझाच. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, प्रतिकृती कुणी केली ते आहे. तिथे आमच्या वर्कशॉपचं नाव आहे आणि त्याखाली माझं.

माझं नाव तिथे नको होतं. हे मी चार वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मी रत्नागिरीकडचा, सुताराच्या घरातला. आयटीआय करून ड्राफ्ट्समन झालो, इथे आलो आणि हळूहळू फोरमन झालो. आमचं वर्कशॉप फर्निचरचं. किचनची कपाटं, दारं, हॉटेलांची रिसेप्शनं. जहाजाचं काम आमच्याकडे आलं ते ह्यामुळे, की आमच्याकडे एक मेस्त्री होते ज्यांनी मालवणकडे अर्धं आयुष्य होड्या बांधल्या होत्या. होड्या फायबरच्या झाल्या तेव्हा उशिरा, पन्नाशीत, ते इथे आले आणि दरवाजे करू लागले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. चार माणसांत मला साहेब म्हणायचे, दोघंच असलो की अरे-तुरे. मला ते बरं वाटायचं.

काम देणाऱ्यांच्या वतीने एक निवृत्त नौदल अधिकारी यायचे, इथलेच. आम्ही त्यांना कप्तान म्हणायचो. हिंदी चांगलं बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी नकाशे टेबलावर पसरले आणि जहाजाची सगळी कारकीर्द सांगितली, जशी आपण घरातल्या एखाद्या काकाची सांगतो तशी.

"बहुत बड़ा था," ते म्हणाले. "इतने आदमी, इतना पानी, इतना राशन. सुल्तान को छोटे जहाज़ चाहिए थे, तेज़. ये तो ज़्यादातर खड़ा ही रहता था."

मेस्त्री मागे उभे राहून ऐकत होते. मला हळूच म्हणाले, "म्हणजे इतक्यो तोफो घेवन ह्या नुसता बसान रवला?"

मी हसलो. कप्तानांनी विचारलं काय म्हणतात. मी हिंदीत सांगितलं. तेही हसले, पण पुढचं सांगताना त्यांचा चेहरा उतरत गेला. भेट गेल्यावर इंग्रजांनी नाव बदललं. मग लढाईचा काळच बदलत गेला, वाफेची बोट आली. जहाजाला पार पलीकडच्या एका गरम बेटावर नेलं, डोलकाठ्या उतरवल्या, डेकवर छप्पर टाकलं आणि बंदरात बांधून ठेवलं. भरती झालेले नवे खलाशी जागा मिळेपर्यंत त्यात राहायचे. वर्षानुवर्षं. नंतर मोडून टाकलं.

"धर्मशाळा झाली मगे," मेस्त्री म्हणाले. ह्या वेळी ते हसत नव्हते.

आता चूक सांगतो. तांत्रिक आहे, पण ती समजल्याशिवाय बाकी कळायचं नाही.

फर्निचरच्या धंद्यात नकाशावर जी रेघ असते ती तयार वस्तूची बाहेरची कड. कपाट दोन फुटांचं म्हणजे सनमायका लावून दोन फूट. वीस वर्षं मी तसंच वाचत आलो. पण जुन्या लाकडी जहाजाच्या नकाशात रेघ काढतात ती फळीच्या आतली, म्हणजे वांकांची. वांक म्हणजे जहाजाच्या फासळ्या. फळ्या त्याच्यावरून चढतात आणि जहाज तेवढं फुगतं. मी ती रेघ बाहेरची समजलो. म्हणून फळीची जाडी, अर्धा इंच, दोन्ही बाजूंनी वजा केली आणि वांकांचे प्लायवूडचे साचे तेवढे लहान कापले. मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की बरोबर आहे.

मेस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं आणि कागदाशी त्यांचं फारसं जमायचं नाही, हे खरं. ते डोळ्यांनी आणि तळहाताने काम करायचे. पहिले दहाबारा वांक उभे राहिले तेव्हा ते जमिनीवर आडवे झाले, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत बघितलं, आणि चहाच्या वेळी मला बाहेर कंटेनरच्या सावलीत घेऊन गेले.

"पोट रिकामा दिसता रे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ही रेघ वांकाची असा, फळयेची नाय. फळयो मागसून चढतल्यो. माणसाक आधी हाडां, मगे कातडी. तू कातडयेचा माप हाडांक दिलंस."

मी म्हणालो, "मेस्त्री, हे होडीचं काम नाही. हा स्केलचा नकाशा आहे, मी चारदा तपासलाय."

"बरा," ते म्हणाले. "कागद तुझो, लाकूड माझा. एकदा सांगलंय. दोनदा सांगूची आमची रीत नाय."

ती खरंच त्यांची रीत होती, नंतर मला त्यांच्या गावच्या माणसांकडून कळलं. होडीचं माप ज्याच्या हातात, त्याला जे काय सांगायचं ते बाजूला नेऊन एकदा. चारचौघांत नाही. मग तो सांगेल तसं करायचं. चारचौघांत माप धरणाऱ्याला खोटं पाडलं तर त्या होडीवर पुढे कुणाचाच कुणावर भरवसा राहत नाही, असं ते मानतात. मला तेव्हा वाटलं, म्हातारा माघार घेतोय.

पण त्यांनी एक केलं होतं. पुढचे वांक त्यांनी साच्याला लावले नाहीत, अंगावर लाकूड ठेवून अर्धा इंच जाड सोडले. मला वाटतं मी शुद्धीवर येईन आणि मग हे वांक तरी फुकट जाणार नाहीत, असा त्यांचा हिशेब असावा. मी तपासणीला गेलो, साचा लावला, तो बसेना. सगळे सुतार हातातलं काम थांबवून बघत होते.

"मेस्त्री, हे काय? साच्याला आणा. तासा सगळं."

"होय साहेब," ते म्हणाले.

तीन दिवस ते तासत होते. रंधा हातातला, मशीन नाही. सागाचा भुसा त्यांच्या पायाशी घोट्यापर्यंत साठायचा, आणि त्या तीन दिवसांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी त्याचा राग मानला. चुकणारा माणूस आणखी राग कशाचा मानणार.

मग जहाजाची मागची बाजू आली. नक्षीदार, खिडक्यांची, ती दुसरीकडून कोरून आणवली होती, मूळ नकाशाच्या मापाने. फळ्या चढवून झाल्या होत्या. कप्तान होते, मॅनेजर होते, मी होतो. चार सुतारांनी ती उचलून लावली आणि ती दोन्हीकडून बाहेर आली, मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखी.

मॅनेजर म्हणाला, "आधा इंच है. बीडिंग मार दो, यल्ला." म्हणजे कडेला पट्टी ठोका आणि चला पुढे.

कप्तानांनी त्या बाहेर आलेल्या कडेवर बोट फिरवलं. "नहीं," ते म्हणाले. "पूरा जहाज़ पतला है." मग नकाशावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, ही रेघ तुम्ही फळीच्या बाहेर धरली की आत? अगदी सौम्यपणे विचारलं. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं असं मला आज वाटतं.

मी नकाशा सरळ करत राहिलो. मॅनेजर माझ्याकडे वळला. "किसने किया ये?"

मेस्त्री दहा फुटांवर होते. हातात पटाशी.

मी म्हणालो, "मेस्त्री अंदाज़ से काम करते हैं, सर. ड्रॉइंग नहीं देखते."

एवढं एकच वाक्य. त्यात एकही शब्द खोटा नाही. ह्या गोष्टीने मला चार वर्षं सोडलेलं नाही. लोक विचारतील, नोकरी जाईल म्हणून घाबरलास का? मुलगा इथल्या इंडियन स्कूलमध्ये दहावीला होता, फॅमिली व्हिसा माझ्या नावावर. नंतर मी स्वतःला हेच सांगत आलो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मुलगा, व्हिसा, काही मनात आलं नव्हतं. प्रश्न आला आणि तो मी बाजूला सरकवला, जशी ताटातली मिरची सरकवतात.

मेस्त्रींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील, ह्याला सांगितलं होतं म्हणून. त्यांनी पटाशी पुसली, पेटीत ठेवली.

महिन्याभरात त्यांचा व्हिसा रद्द झाला. जाण्याआधी ते एकदाच माझ्याकडे आले, जहाज पुरं करून जाऊ द्या म्हणून मॅनेजरला सांगशील का असं विचारायला. आयुष्यात इतकं मोठं जहाज हातात आलं नव्हतं आणि पुन्हा येणारही नव्हतं. बाकी काही मागितलं नाही. मी म्हणालो, बघतो. मी बघितलं नाही.

ते गेल्यावर मी साचे पुन्हा कापले, अर्धा इंच वाढवून. जुने साचे एका गुरुवारी सगळे गेल्यावर स्वतः करवतीवर घालून त्यांचे तुकडे केले, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून कुणी बघायला नको. आधीचं जहाज मोडून दोन सुतारांना घेऊन नवं उभं केलं. मागची बाजू हातमोज्यासारखी बसली. मॅनेजरने पेढे वाटले. पाटीसाठी मी जहाजाची कारकीर्द लिहून दिली, पार मोडीत निघेपर्यंतची. वरून निरोप आला, शेवटची वर्षं नकोत, धर्मशाळा वगैरे बरं दिसत नाही. मी लगेच गाळली. गाळायला मला हरकत नव्हतीच.

ह्या वर्षी, थंडी सरता सरता, दार्सैतला देवळाबाहेर चपला घालत होतो तेव्हा एक मुलगी पुढे आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. रुस्ताकच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे म्हणाली, सहा महिने झाले. मेस्त्रींची लेक.

"काका, बाबांनी सांगितलंय, तुम्हाला गाठून ते जहाज बघून यायचं. आणि त्यांना व्हिडिओवर दाखवायचं."

टॅक्सीने आम्ही अझैब्याला गेलो. शुक्रवार, इथली सुट्टी, इमारतीत चिटपाखरू नव्हतं, फक्त वॉचमन. तिने फोन लावला. मेस्त्री पडवीत बसले होते, बनियनवर. पार वाळले होते. "जवळ ने," ते तिला म्हणत राहिले. "खालसून दाखय." तिने काचेला फोन चिकटवून जहाजाच्या पोटावरून हळूहळू नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत फिरवला. मी बाजूला उभा होतो, मला फ्रेममध्ये घेऊ नये म्हणून जरा जास्तच बाजूला.

"आता पोट भरला," ते म्हणाले. आणि मग, "बरा झाला." फोन त्यांनीच बंद केला.

ती पाटी वाचायला लागली. "इंग्लंडच्या राजाला दिलं. मग पुढे काय झालं ह्याचं?"

मी सांगितलं. नाव बदललं, डोलकाठ्या काढल्या, छप्पर घातलं, मोडलं.

"हे का नाही लिहिलं?"

"गाळलं."

"आणखी काय काय गाळलंत काका?" ती हसत म्हणाली. सहज, थट्टेने.

तिथे एक बाक आहे, त्यावर मी बसलो. तिला बस म्हणालो. आणि सांगितलं. रेघेपासून करवतीपर्यंत, क्रमाने, जसं वर लिहिलंय तसं. सांगताना मला रडू आलं नाही. फक्त खूप दमल्यासारखं झालं.

तिने वळून पाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्या वर्कशॉपमध्ये रंगकामाला, पेंटिंगमध्ये, आमच्या गावचे एक काका आहेत ना. ते सुट्टीवर आले तेव्हा गावभर झालं, बाबांनी मस्कतला राजाचं जहाज चुकवलं म्हणून. पूर्वी कुणी होडी पाण्यात सोडायची म्हटलं की आधी बाबांना बघायला न्यायचे. फायबरची असली तरी न्यायचे, मान म्हणून. ते बंद झालं. आई म्हणायची, कागद वाचता येत नाही तर कशाला हात घातलात. मीपण म्हणाले. काका, मीपण म्हणाले त्यांना."

"ते नुसते ऐकून घ्यायचे," ती म्हणाली. तिने फोन पुन्हा लावला आणि माझ्या हातात दिला. "सांगा. मी सांगणार नाही."

मी सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील.

"माका कित्याक सांगतंस?" मेस्त्री म्हणाले. चिडलेले नव्हते. "माका ठाऊक असा. जंय बोललंस थंय सांग."

रविवारी, इथला आठवडा सुरू होतो त्या दिवशी, मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. सांगितलं की ती चूक माझी होती, ड्रॉइंग मी चुकीचं वाचलं, मेस्त्रींनी मला आधी सांगितलं होतं. त्याने खुर्ची जरा मागे केली. "चार साल पुरानी बात है यार. क्लायंट खुश है ना? खलास." मी म्हणालो, पाटीवरचं माझं नाव काढायचंय. तो म्हणाला, काढायला पुन्हा परवानग्या, पुन्हा काच उघडणं, तू सुट्टी घे चार दिवस. त्याच्या बाजूने तो माझी काळजीच घेत होता.

केबिनमध्ये बोलून काही उपयोग नव्हता. जिथे बोललास तिथे सांग, असं मेस्त्री म्हणाले होते, आणि ते वाक्य मी केबिनमध्ये बोललो नव्हतो.

दुपारी जेवणाच्या आधी मी फ्लोअरवर मशीनं बंद करायला लावली. पंधराएक जण असतील. त्यातले अर्धे मेस्त्री गेल्यानंतर आलेले, त्यांना मी कुणाबद्दल बोलतोय हेही ठाऊक नव्हतं. हिंदीत सांगितलं. जुन्यांपैकी एक यूपीचा सुतार, ज्याने मेस्त्रींना तीन दिवस तासताना पाहिलं होतं, तो मास्क खाली ओढून म्हणाला, "उस्ताद ने जो मोटा छोड़ा था, वो सही था तब?"

"सही था," मी म्हणालो.

"और आपने छिलवाया."

"हाँ."

त्याने मान हलवली आणि डबा घेऊन बाहेर गेला. त्याच्यामागून बाकीचे.

पेंटिंगमधला मेस्त्रींच्या गावचा माणूस तेवढा थांबला. माझ्याच वयाचा. थिनरने हात पुसत होता, उगाच, हात स्वच्छ होते.

"मी तर गावात सगळ्यांना सांगून बसलोय," तो म्हणाला.

"आता हे सांगा."

"मे महिन्यात जाईन तेव्हा सांगतो."

"आजच सांगा ना."

"असं कसं सांगू? माझं कोण ऐकणार? म्हणतील, मेस्त्रीने बोलायला लावलं." त्याने खिशातून फोन काढला, गावच्या ग्रुपवर गेला. त्यात दोनशेच्या वर माणसं आहेत म्हणाला, होडीवाले सगळे त्यात. रेकॉर्डचं बटण दाबून त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. "तुम्हीच बोला. जपून बोला, आमची माणसं पुन्हा पुन्हा ऐकतात."

मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मस्कतला काय करतो ते सांगितलं. मग म्हणालो की जहाजाचं माप मी चुकवलं, मेस्त्रींनी ते मला बाजूला नेऊन सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि विचारलं तेव्हा त्यांच्यावर ढकललं. त्याने बटण सोडलं.

आम्ही दोघं फोनकडे बघत उभे राहिलो. दुपारची वेळ, तिकडे लोक जेवून आडवे झाले असतील. थोड्या वेळाने एकाने ऐकलं, मग आणखी चौघांनी. कुणी काही लिहिलं नाही.

"जेवायला चला," तो म्हणाला.

संध्याकाळी त्यानेच मला दाखवलं. कुणीतरी लिहिलं होतं, मेस्त्री, उद्या सकाळी येवा, होडयेक हात लावन बघा. खाली मेस्त्रींचं उत्तर नव्हतं. ते ग्रुपवर लिहीत नाहीत, लेकीने नंतर सांगितलं, ते सरळ जातात.